नदीवर नुसतं बसायला

आई,

उद्या मुलांना घेऊन समुद्रावर जायचं आहे. इथून बसने तासाभराचा रस्ता, तरी गेले आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. मुलीला वाळू खणायला डबा हवा आहे, मुलाला लाटेत उभं राहायचं आहे, पण माझा हात धरूनच. मी टोप्या काढल्या, टॉवेल घड्या करून ठेवले, भरती-ओहोटीची वेळ शेजारच्या बाईंना विचारून घेतली, आणि हे सगळं करताना ‘उद्या आरामात जाऊ’ असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तेव्हा तू आठवलीस. आरामाची इतकी कडक तयारी मी आणखी एकाच माणसाला करताना पाहिली आहे.

मी तेव्हा तिसरीत होते, भाऊ शाळेतही जात नव्हता. चामोर्शीकडच्या त्या गावात तू उपकेंद्राची नर्स आणि आपली खोली उपकेंद्राला लागूनच. त्यामुळे तुझी ड्युटी कधी संपते हे आम्हाला कळायचं नाही, बहुधा तुलाही नाही. बाबा वडशाला नोकरीला, पंधरवड्यातून एकदा यायचे. जेवताना दार वाजलं की तू ताटावरून उठायचीस आणि आम्ही तुझ्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवायचो. आमची काही तक्रार नव्हती, असं मी लोकांना सांगते. तक्रार होती. पण दारात आलेला माणूस नेहमी खरोखरच अडचणीत असायचा, मग ती करायची कोणाकडे?

समुद्र तू एकदाच पाहिला होतास, ट्रेनिंगच्या वेळी मैत्रिणींबरोबर मुंबईला गेलीस तेव्हा. पाण्याचं तुला फारसं काही वाटलं नव्हतं. तुझ्या मनात राहिली ती वाळूवरची माणसं. “चांगली धडधाकट मानसं, लेकरं घेऊन नुसती बसून राह्यली होती. कोनी काही करूनच नव्हतं राह्यलं,” असं तू सांगायचीस, आणि त्या सांगण्यात हेवा असायचा. भावाने पुस्तकातलं समुद्राचं चित्र पाहून हट्ट धरला, तेव्हा तू म्हणालीस, “समुद्र लई दूर हाये बाबू. आपल्या वैनगंगेची वाळू का कमी हाये? आपन तिथी जाऊन बसू. दिवसभर.” दिवसभर हा शब्द मी पक्का धरून ठेवला.

मग तुझी तयारी सुरू झाली. नदीवर कोणाला रागवायचं नाही, पाढे विचारायचे नाहीत, माझे केस विंचरायचे नाहीत, असे नियम तूच केलेस. सुईपाण्याची पेटी घरी राहणार, मनगटावरचं घड्याळसुद्धा घरी राहणार. शेजारच्या काकूंना हे कळलं तेव्हा त्या घाबरल्याच. “नदीवर? काऊन बाई, कोनाची राख शिरवाची हाये का?” आपल्याकडे नदीवर कोणी उगाच जात नाही. राख शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला जातात, मार्कंड्याच्या जत्रेत आंघोळीला जातात, नाहीतर मासळीला. तू म्हणालीस, “नाई हो, बसाले जाऊन राह्यलो.” काकूंना ते काही पटलं नाही. त्यांनी दोनदा खोदून विचारलं. गावात एका बाईचे दिवस भरत आले होते. तिला तू आदल्या संध्याकाळी तपासून आलीस, अजून वेळ आहे म्हणालीस, आणि म्हाताऱ्या दाईला सांगून ठेवलंस, “लागलंच तं मानूस पाठव.”

आपण नदीवर पोचतो. होळी नुकतीच झालेली आहे. पाणी पार पलीकडच्या काठाला सरकलंय आणि अलीकडे नुसती वाळूच वाळू. मासे धरणाऱ्या ढिवरांनी वाळूत टरबुजाच्या वाड्या लावल्या आहेत. वाडीवरची बाई आपल्याला तिच्या मांडवाच्या सावलीत जागा करून देते. “बाई, इतक्या लांब काऊन आल्या?” तू सांगतेस, बसायला. ती हसते आणि म्हणते, “मंग बसा.” ती टरबूज फोडून देते, भाऊ बियांसकट खातो. आम्ही हाताने वाळू उकरून झिरा करतो, तळाशी आधी ओल येते, मग स्वच्छ पाणी साचतं, आणि भाऊ ओरडतो की समुद्र निघाला. तू हसतेस. पण मला दिसतं की आम्ही दोघं पाण्याकडे तोंड करून आहोत आणि तू काठाकडे. गावाकडची पायवाट जिथे वाळूत उतरते, तिथे तुझे डोळे आहेत. मी तुझ्यापुढे जाऊन बसते, तर तू किंचित बाजूला सरकतेस.

त्या वाटेवर कोणीच आलं नाही. एकदा एक म्हैस उतरली, तर तू अर्धी उठलीस. सूर्य डोक्यावर यायच्या आधीच तू पदर झटकून उभी राहिलीस.

“चाल, मी जरा तिले पाहून येतो.”

भावाने विचारलं, “कोनी बोलावलं का?”

“नाई.”

“मंग?”

तू गाठोडं उचललंस. भाकरी आणि वांग्याची भाजी गाठोड्यातून सुटलीसुद्धा नव्हती. वाटेत तू आमच्या पुढे चालत होतीस, भराभर. दिवस भरत आलेल्या त्या बाईच्या घरी गेलो तर ती दारात बसून तांदूळ पाखडत होती. आपल्याला पाहून तिलाच नवल वाटलं. “बाई, तुमी तं नदीवर गेल्त्या ना?” तू तिचा हात हातात घेऊन उगाच नाडी पाहिलीस, घड्याळ नसताना. तिने चहा ठेवला. तिचं बाळंतपण पुढच्या आठवड्यात झालं आणि सगळं सुखरूप झालं.

परतताना काकू अंगणातच होत्या. “लवकर आल्या जी? दिवसभर बसनार होत्या ना?” तू काही बोलायच्या आत मी म्हणाले, “मानूस आला होता बोलवाले.” काकूंनी विचारलं, कोण माणूस? मी म्हणाले, पल्याडच्या गावचा. तू माझ्याकडे पाहिलंस. खोटं बोललेलं तुला मुळीच चालायचं नाही, तरी त्या दिवशी तू नुसतं कुलूप काढलंस आणि आत गेलीस. आपण दोघींनी त्यावर पुढे कधीच बोलणं काढलं नाही. तू गेलीस त्यालाही आता किती वर्षं झाली.

आज मला तुझा राग येत नाही. नोकरी करणारी बाई असं का उठते हे मला आता कळतं, माझीही पाठ कधी धड टेकत नाही. पण तेव्हा आला होता, आणि तो फार मोठा होता. तू आल्या दिवसापासून त्या गावची होतीस हे मला मान्य होतं. तो एक दिवस आमचा आहे असं तू स्वतःच म्हणाली होतीस, म्हणून मी आशा धरली होती.

माझ्या मुलांना नदीची गोष्ट फार आवडते. तीत मी काकूंना सांगितलेला तो माणूस येतो. मी त्याला सायकल दिली आहे, वाळूत ती चालत नाही म्हणून तो ती खांद्यावर घेऊन येतो, इथे मुलं हसतात. तो हात जोडतो, आणि माझ्या आईचा पाय निघत नसतो, तरी तिला जावं लागतं. उद्या समुद्रावर मुलं ही गोष्ट पुन्हा मागतील. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. त्या दिवशी मीही तुझ्यासारखीच त्या वाटेकडे पाहत होते. कोणीतरी यावं आणि तुला घेऊन जावं असं मला वाटत होतं, म्हणजे तू आपणहून उठली नसतीस. मुलांना मी उद्याही सायकलवाल्याचीच गोष्ट सांगणार आहे.