दहा मिनिटांचा बर्फ

१० नोव्हेंबर, सोमवार

ऑपरेशन झालं. तेहतीस वर्षं उजवीकडे वळलेलं नाक आता सरळ आहे, असं डॉक्टर म्हणतात. मला फक्त प्लास्टर दिसतंय. ऑफिसात श्वासाचा त्रास सांगितलाय. रविवारी जिंतूरचे पाहुणे येणार. किशनमामांनी आणलेलं स्थळ. मुलगी वैदेही, तीही येणार.

डॉक्टर म्हणाले, सूज दोन आठवडे राहील. दोन दिवस तासातासाला दहा मिनिटं बर्फ, कापडात गुंडाळून, गालावर अन् डोळ्यांखाली. नाकाला नाही. रविवारचं त्यांना सांगितलं नाही. उगाच घाबरतील.

११ नोव्हेंबर, सकाळी ७

डोळे काळेनिळे. संकल्प: दहाऐवजी चाळीस मिनिटं. चौपट बर्फ, चौपट लवकर. साडेतीन दिवसांत चेहरा तयार. शुक्रवारी फोटो काढून घेईन.

दुपारी २.१५. लाईट गेली. फ्रीजमधल्या बर्फाचं पाणी. निवेदिताताईने बाजारातून लादीचा तुकडा आणला. मासळीवाल्याकडचा आहे, आईला सांगू नको म्हणाली. वास येत होता म्हणे. मला काय कळणार!

१२ नोव्हेंबर

कापडामुळे गारवा अडतो, असं माझं निरीक्षण. कापड काढलं. गाल बधिर, म्हणजे काम चालू आहे. आई म्हणाली, "मुकुल, तू बर्फ लावायलास का बर्फ व्हायलास?" तिला सायन्स नव्हतं.

१३ नोव्हेंबर

सूज वाढली! तिसऱ्या दिवसापर्यंत वाढणारच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताई म्हणते. मला आठवत नाही. गालांवर दोन लाल चट्टे, डागल्यासारखे. डॉक्टरांना फोन. बर्फ थेट लावला का, म्हणाले. मी नाही म्हणालो. बंद करा म्हणाले. बर्फ सांगितला कुणी होता, त्यांनीच ना?

१४ नोव्हेंबर

परभणीची थंडी, ओली उशी, सर्दी. शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची असते. दिली. शेजारचे व्यंकटराव आवाज ऐकून विचारायला आले, कोण पडलं? थोडं रक्त आलं. घाबरलो नाही. आईचा हात धरला, तो तिला धीर द्यायला.

१५ नोव्हेंबर

पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात बोलावू, असं ताई म्हणायलीय. गरज नाही. पावडर आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

पावडरने चट्टे जास्तच उठून दिसले. वैदेही दवाखान्यात नर्स आहे, हे मामांनी पाहुणे बसल्यावर सांगितलं. ती गालांकडेच बघायली. मग हळूच विचारलं, "बर्फ तसाच लावला का?" मी हो म्हणालो. किती वेळ? चाळीस मिनिटं. डॉक्टरांनी किती सांगितला होता?

मी पोह्यांची दुसरी प्लेट मागितली. जाताना तिने चट्ट्यांना कुठलं मलम लावायचं ते ताईला कागदावर लिहून दिलं. मला नाही, ताईला. लय नीट अक्षर. मला आवडली. खरंच आवडली.

१८ नोव्हेंबर

प्लास्टर निघालं. सूज आहे, पण नाक सरळ. आरशापुढे बराच वेळ उभा होतो.

संध्याकाळी मामांचा फोन. नकार. मुलगी म्हणाली, माणूस वाईट न्हाई, पण सांगितलेलं ऐकत न्हाई.

मी विचारलं, नाकाबद्दल काय म्हणाली?

मामा म्हणाले, "नाकाचा तर विषयच न्हाई निघाला."