आईच्या ट्रंकेवरचं रसयंत्र

सालवड, पो. बोईसर
सोमवार, दि. २२ जानेवारी १९६८

तीर्थरूप पंढरीमामांच्या चरणी भाचा चंद्रभान याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरच साष्टांग आहे. आमच्या खोलीत खरा घालायचा तर पाय बाहेरच्या ओट्यावर जातात आणि शेजारी अडखळतात.) इकडे सर्व खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, खरं काय ते पुढे वाचालच. मामींचा गुडघा या थंडीत कसा आहे? तांबडी गाय व्याली एवढंच तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत, पण कालवड झाली की गोऱ्हा ते लिहायचं विसरलात. आई त्यावरून आठवडाभर माझ्यामागे लागली आहे, जणू पत्राचा उरलेला भाग मीच कुठे दडवून ठेवला. तेवढं कृपा करून कळवावं.

पत्रास कारण की, आईने तुम्हाला परस्पर कार्ड टाकून येत्या शुक्रवारी, सव्वीस तारखेला, न्यायला बोलावलं आहे. हे मला शनिवारी सकाळी कळलं, आणि तेही घरच्या माणसाकडून नाही. ज्याने तिला कार्ड लिहून दिलं त्या पोस्टमनकडून. मामा, माझं डोकं चालेनासं झालं आहे. वडील गेल्यावर गावच्या घरात ती एकटी नको म्हणून मी तिला हट्टाने इकडे आणली, त्याला तीन महिने झाले. आता आठ दिवसांपूर्वी तिने सगळी लुगडी घडी करून ट्रंकेत भरली, वर वर्तमानपत्र पसरलं आणि ट्रंक बाहेरच्या खोलीत स्टुलावर आणून ठेवली. काय झालं विचारलं तर म्हणते, “काई झालं नाई.” काही झालं नाही तर ट्रंक का भरली, आणि ट्रंक भरली तर काही झालं नाही असं कसं, याचा विचार करता करता परवा मी स्टोअरमध्ये दीड इंची बोल्ट मागायला आलेल्या माणसाला दीड डझन झाडू दिले. त्याने सही करून नेले, यावरून इथल्या कामाचा वेग तुमच्या लक्षात येईल.

बरं, तिला इथे कमी काय आहे ते तुम्हीच सांगा. सकाळी ती केरसुणी हातात घेते, तर तुमची सून इंदू लगेच काढून घेते. पाण्याला निघाली की कळशी मी घेतो. चटणी वाटायला पाटा कुठे आहे असं तिने आल्या आल्या विचारलं, तर दुसऱ्या दिवशी मी तयार मसाल्याच्या पुड्याच आणून दिल्या. जन्मभर राबलेल्या बाईला आम्ही दोघांनी सांगितलं, “तू आता बस.” ती बसली. खिडकीशी बसते आणि समोरच्या दुकानात कोण काय घेतो ते बघते. (चौथ्या खोलीतल्या माणसाने या महिन्यात तीन वेळा कंदिलाच्या काचा घेतल्या, त्या अर्थी त्याची बायको तापट असावी, असं तिचं मत आहे.) सासूसुनेचं वाजलं म्हणावं, तर तेही नाही. वाजलं असतं तर निदान कोणाच्या बाजूने बोलायचं नाही एवढं तरी मला ठरवता आलं असतं. इतकं सुख देऊनही ती जायला निघाली आहे. मामा, उघडच सांगतो, ती गेली तर मला हे घर खायला उठेल. लहानपणी शाळेतून आल्यावर ती घरात दिसली नाही की मी दप्तर न काढता गावभर शोधत हिंडायचो. आता मला दोन मुलं व्हायच्या वयात तेच होतं आहे.

तिचं मन रमावं म्हणून मी दादरहून एक रसयंत्र आणलं. फळाच्या फोडी वरून टाकायच्या, दांडा फिरवायचा, एका तोंडाने रस येतो आणि दुसऱ्या तोंडाने चोथा. खाली स्क्रूचा चिमटा आहे, तो टेबलाच्या कडेला आवळायचा. (टेबल आमच्याकडे नाही, हे मला यंत्र घरी आणल्यावर आठवलं.) आईने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “ह्ये मी फिरवू?” मी म्हटलं, “तू बस, मी फिरवतो.” ती पुन्हा खिडकीशी गेली.

आता शनिवारचं सांगतो. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या खोलीत गुलामचोर असतो. तुम्हाला ठाऊक असेलच, तरी मामींसाठी लिहितो: तीन गुलाम काढून टाकायचे, एक ठेवायचा, एकमेकांच्या हातातलं पान ओढून जोड्या लावायच्या, आणि शेवटी ज्याच्या हाती गुलाम उरेल तो चोर. इथला नियम असा की चोराने पुढच्या शनिवारचं खाणंपिणं करायचं. हा नियम माईंनी काढला. माई म्हणजे आमच्या घरमालकीण. त्या आणि त्यांचे यजमान दिनानाथभाऊ इथले पिढीजात राहणारे, मागे त्यांची चिकूची वाडी आहे. मी आणि इंदू, ते दोघं, आणि पाचवा गडी शेजारचा रामकिसन, वेल्डर, उत्तरेकडचा. गुलाम हाती आला की “हे राम” म्हणतो, त्यामुळे त्याच्याकडचं पान कोणी ओढत नाही आणि बहुतेक वेळा चोर तोच होतो. आईला आम्ही पत्त्यांत कधी घेतलं नव्हतं. म्हटलं, उगाच तिच्या डोळ्यांना ताण.

गेल्या वेळी चोर मी झालो होतो. त्यामुळे या शनिवारची पाळी माझी, आणि यंत्र नवं. दुपारीच माईंनी वाडीतल्या चिकूंची टोपली पाठवली. मामा, आपल्याकडे फळ पिकलं की लाल होतं, पिवळं होतं, आणि तपकिरी झालं की समजायचं आता सडणार. मी टोपलीत पाहिलं तर शंभर चिकू आणि शंभरही तपकिरी. म्हटलं, माईंनी इतक्या प्रेमाने पाठवलेले आणि आजच्या आज संपवले नाहीत तर उद्या उकिरड्यावर. आईने एक चिकू उचलला, अंगठ्याने दाबला आणि म्हणाली, “आरं, ह्ये अजून दगड हायेत. पेंढ्यात आढी लावाया पायजे.” मी म्हटलं, “आई, हा तुझा आंबा नाही. तू बस.” ती बसली नाही. दाराशी उभी राहून बघत राहिली.

यंत्र कशाला लावायचं हा प्रश्न होता. खिडकीची कड जाड, पाट फार खाली. तेवढ्यात स्टुलावरची ट्रंक दिसली. झाकण उघडलं, पुढच्या पत्र्याच्या कडेला चिमटा घट्ट बसला, उंचीही बेताची. मी फोडी घातल्या आणि दांडा फिरवायला लागलो. मामा, विहिरीचा रहाट बरा. यंत्रातून पांढरा चीक यायला लागला, तो दांड्यावरून ओघळत चिमट्यात गेला, माझी बोटं एकमेकांना चिकटली, आणि अर्ध्या तासाने दीड तांब्या रस निघाला. रंग गढूळ पाण्याचा होता, पण मी त्यात दूध आणि साखर घातली. इंदू म्हणाली, आधी चाखून बघा. मी म्हटलं, पाहुण्यांच्या आधी कसं चाखायचं?

मंडळी जमली. पेले भरले. आई म्हणाली, मला नको. बाकीच्यांनी यजमानाचा मान म्हणून एका दमात पेला रिकामा केला, मीही केला. जीभ टाळूला चिकटलेली, दातांवर राळ बसलेली, ओठ आतल्या आत ओढलेले. दिनानाथभाऊंना काहीतरी बोलायचं होतं, त्यांच्या भुवया दोनदा वर गेल्या, पण तोंड उघडेना. शेवटी रामकिसनने बोटाने दात मोकळे करून विचारलं, “भाईसाब, ये पीने का है कि पाइप जोड़ने का?” माई हसायला गेल्या आणि त्यांना हसताही येईना, नुसतं डोळ्यांतून पाणी. रिकामे पेले गोळा करताना हाताला चिकटले म्हणून आई आणि माई आत जाऊन हात धुऊन आल्या. इंदू सगळ्यांची तोंडं सोडवायला चहा करायला गेली, आणि जाता जाता आपली पानं आईच्या हाती देऊन गेली.

असा गुलामचोर आम्ही कधीच खेळलो नव्हतो. रामकिसनचे दात पुन्हा चिकटले, त्याला “हे राम” म्हणता येईना, त्यामुळे गुलाम कुठे फिरतोय हे कोणालाच कळेना. सगळे एकमेकांच्या डोळ्यांत बघत पानं ओढत होते. आईला पत्ते धरता येत नाहीत असं मला वाटलं. एक पान ती सारखं बाकीच्यांच्या मागे दाबून धरायची, कोणाचा हात तिकडे गेला की दुसरं पुढे सरकवायची. शेवटी व्हायचं तेच झालं, गुलाम आईकडे राहिला. मला फार वाईट वाटलं. पहिल्याच खेपेला चोर, आणि तेही या वयात! माई तोपर्यंत बोलायला लागल्या होत्या. म्हणाल्या, “आता सोजराबाय, पुढल्या शनवारचा खाना तुमच्याकडं. आमी उपाशी येणार हाय.” आई म्हणाली, “या की.” मी मध्ये पडून सांगितलं की आई शुक्रवारीच जाणार आहे, तिचं मी करीन. तर आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी लहानपणी देवापुढचा पेढा खाल्ला होता तेव्हाच तसं पाहिलं होतं. माझं काय चुकलं ते मला अजून समजलेलं नाही.

रविवारी सकाळी यंत्र काढायला गेलो, तर निघेना. चीक वाळून स्क्रू जागच्या जागी बसला आहे, आणि यंत्र कडेवर आहे तोवर ट्रंकेचं झाकण लागत नाही. रामकिसनने पाना लावून ओढलं, तर ट्रंकच स्टुलावरून खाली आली. गरम पाणी घातलं, रॉकेल घातलं, हातोडीने ठोकलं. आई चुलीपाशी होती (इंदू सकाळी नळावर गेली तेवढ्यात तिने चूल पेटवली होती), तिथूनच म्हणाली, “ऱ्हाऊ दे. पत्रा फाटंल.”

तर मामा, माझी हात जोडून विनंती अशी, की शुक्रवारी तुम्ही येऊ नये. कंबर धरली म्हणून कळवावं, गाडी चुकली म्हणून कळवावं, पण तिला न्यायला येऊ नये. मला थोडा वेळ द्या. तिला काय हवं आहे हे मी शोधून काढीन. टेबल हवं असेल तर टेबल आणीन. हे पत्र पोस्टाने वेळेवर पोचणार नाही म्हणून आमच्या स्टोअरमधले कमलाकांत उद्या संध्याकाळी रजेवर निफाडला निघत आहेत, त्यांच्या हाती पाठवतो. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो या कामी थोडा जास्त लावावा.

आपला गोंधळलेला भाचा,
चंद्रभान

ता. क. (मंगळवार सकाळ) आत्ता माई येऊन गेल्या. यंत्र पाहून म्हणाल्या, “एवढ्याशा चिकाला घाबरतोस काय? खोबरेल लाव, दोन मिंटात सुटल. तुझ्या आयशीला माहीत हाय ना! शनवारी आमी दोघींनी हात खोबरेलानंच धुतलं.” म्हणजे परवा मी रॉकेल घालत होतो तेव्हा आईला हे ठाऊक होतं! तिला विचारलं तर म्हणाली, “मला कुठं आठवतंय.” खोबरेलाची बाटली कोनाड्यात नाही. आई बाहेर उन्हात इंदूच्या डोक्याला तेल लावत बसली आहे, बाटली तिच्या मांडीखाली आहे.

ता. क. दुसरा (मंगळवार दुपार) वर जी विनंती केली ती रद्द समजावी. तुम्ही येऊ नये असं लिहिल्याचं आईला सांगितलं, तर ती रागावली. तिचा निरोप जसाच्या तसा लिहितो: “पंढरीला म्हणावं, शुक्रवारी ये. पण रिकाम्या हातानं येऊ नको. मागल्या दारचा पाटा-वरवंटा घेऊन ये. शनवारी डाळ वाटून वडे करायचेत.” मला काही कळत नाही. जी बाई शुक्रवारी गावी जाणार, ती आपला पाटा शुक्रवारी इकडे कशाला मागवते? इंदूला विचारलं, तर ती आईकडे बघून हसली आणि दोघी आत गेल्या.

ता. क. तिसरा (संध्याकाळ. कमलाकांत पायात चपला घालून दारात उभे आहेत.) शेवटी बाटली मिळाली आणि मी स्क्रूला तेल लावायला बसलो. आतल्या लुगड्यांवर डाग पडू नये म्हणून वर्तमानपत्र जरा उचललं. मामा, ट्रंकेत लुगडी नाहीतच. ती आत खुंटीवर आहेत, कधीपासून ते देव जाणे. ट्रंकेत तळापासून भाताचा पेंढा आहे आणि पेंढ्यात उरलेले चिकू ओळीने मांडून ठेवलेत. तेवढ्यात आईने मागून येऊन बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, “शनवारपर्यंत हात लावू नको. तू आता बस.” तेव्हापासून मी खिडकीशी बसलो आहे. आत दोघी बोलताहेत, चूल पेटली आहे, मला कोणी काही करू देत नाही. पाच मिनिटंच झाली असतील, पण फार वाईट वाटतं हो असं बसायला.

पाटा जड आहे, मामा. पण आणाच.