गाठ न सुटलेली चंची

केडगाव,
१४ ऑक्टोबर १९९७

ती. कलाअक्का हिस,
रंगनाथचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही बरे आहोत. जयमालाचे गुडघे दुखतात, तरी आज सकाळी ती वंदनेला विहारात आली होती. तिसगावात पाऊस कसा झाला? तुमची ऊसतोडीची टोळी आठ दिवसांत निघेल, त्याआधी पोचावं म्हणून घाईनं लिहितोय. नेहमीप्रमाणे पंकजच वाचून दाखवत असेल. तू पोटच्या पोराशी बोलत नाहीस, पण माझं पत्र त्याच्याच तोंडून ऐकतेस.

यंदा नगरच्या फुटबॉल लीगमध्ये पुन्हा आमच्यासह तीन संघांचे गुण सारखे झाले. विजेता ठरवायला त्या तिघांचे आपसात जादा सामने होतील, दोन वर्षांपूर्वी झाले तसेच. पोरं म्हणतात, "मॅनेजर, भाच्याला बोलवा की. तसला गोलकीपर न्हाई आपल्याकडं."

त्या वर्षी लीग दसऱ्याआधी संपायची होती. जादा सामने लागले म्हणून मी पंकजला टोळीबरोबर न धाडता ठेवून घेतलं, आणि त्याच्या वाटणीच्या उसाच्या मोळ्या दाजींनी डोक्यावर घेतल्या. यावरून तू मला कधी एक शब्द बोलली नाहीस.

पंकज, आता थांबू नकोस. पुढचं मोठ्यानं वाच.

अक्का, शेवटच्या सामन्याच्या हाफटाइमला तुमच्या टोळीतला आसाराम मोटारसायकलवर आला. धुळीनं पांढरा झालेला. म्हणाला, "दाजी ट्रकच्या फळीवरनं पडले. पंक्याचं नाव घेत्यात. अक्कानं आत्ताच्या आत्ता बोलावलंय. त्याला इस्वास बसावा म्हनून दाजींची पानतंबाखूची चंची दिलीय."

मी म्हणालो, "तू हो पुढं. मी आणतो त्याला."

पंकज दहा पावलांवर लिंबू चोखत बसला होता. राखीव गोलकीपर बूट बांधून तयार होता. तोही वाईट नव्हता. दोन्हीकडे गोल नव्हता आणि आम्हाला बरोबरी पुरणार होती. बावीस वर्षांत लीगची ढाल आमच्याकडे आली नव्हती. मी चंची खिशात घातली आणि पोराला म्हणालो, "डावा कोपरा सांभाळ."

त्यानं सांभाळला. शेवटाला पेनल्टी अडवली, तीही डाव्या कोपऱ्यातच. ढाल मिळाली. मग मी त्याला फोटोसाठीही थांबवलं. फोटोत तो हसतोय.

दाजी सहाला गेले. आम्ही सातला पोचलो. हाफटाइमला निघालो असतो तर बापलेकांची भेट झाली असती.

मातीच्या दिवशी तू त्याच्यापुढं हात केलास. "पंक्या, चंची दे त्यांची." तो म्हणाला, "कसली चंची, आये?" तू माझ्याकडे बघितलंस. आणि मी म्हणालो, "अक्का, मी त्याच्या हातात दिली होती. तो म्हणाला, मॅच झाल्यावर निघू."

पोरगं माझ्याकडे नुसतं बघत राहिलं. मामाला खोटं कोण म्हणणार? आणि त्याचं खरं कोण मानणार होतं? चंची तेव्हा माझ्या खिशात होती. हात घातला असता तर लागली असती.

रोज पंचशील म्हणतो. चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही म्हणायच्या वेळी, माझे ओठ हलतात आणि आवाज येत नाही. जयमालाला वाटतं, माझा घसा बसलाय.

तुला वाचता येत नाही, अक्का. पोरगं मनाचं वाचतंय, असं तुला वाटेल. म्हणून पाकिटात चंची घातली आहे. तू घाईत तिच्या दोरीला दुहेरी गाठ मारली होतीस. ती कुणी सोडलेली नाही. त्याच्या हाती गेली असती तर बापाची म्हणून त्यानं उघडून बघितली नसती का? तुझी गाठ तू ओळखशील.

पंकज, पत्र खाली ठेव. आईनं हात पुढं केला होता. दे तिला.

रंगनाथ