कूलरचं तोंड

नेर, रविवार संध्याकाळ

देव अक्कल वाटत होता तवा ताईचा नवरा कूलरपुढं झोपला असन. आल्या आल्या माह्या सर्व्हरले भंगार म्हणाला. फुटक्या स्क्रीनचा जुना लॅपटॉप हाये, पण घरचे सारे व्हिडिओ त्यातच हायेत, टीव्हीवर तिथूनच लागतात. उन्हानं तापते, म्हणून कूलरचं तोंड त्याच्याकडं. साहेबानं जेवून ते स्वतःकडं फिरवलं अन् पसरला.

ताई टीव्हीवर आईचा व्हिडिओ पाहून राह्यली होती. आईले जाऊन वर्ष झालं. "जवायाले पयले..." म्हणता म्हणता आई बंद. लॅपटॉप तापून बसला.

"म्हटलं नव्हतं, भंगार?" साहेब म्हणे.

मी काहून गप्प राह्यलो? जवाई म्हणून?

ताई उठली. तिनं कूलरचं तोंड लॅपटॉपकडं केलं. तो थंड झाल्यावर आई पुढं बोलली, "...वाढ, मंग तू बस."

जवाई घामानं निथळत ऐकत होता.