तीन वर्षांची ढाल आणि गनीचा लाल बावटा

मी शालिग्राम नारायण इंगळे, वय अदमासे चौसष्ट, रेल्वे लाईनीवरचा निवृत्त गँगमुकादम, राहणार नांदुरा, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा, मध्यप्रांत व वऱ्हाड, लिहून ठेवतो की माझी शुद्ध व स्मरण शाबूत आहे. छातीचे दुखणे वाढले आहे, पण हात थरथरत नाही. मी मराठी चौथी शिकलो असून अक्षर माझेच आहे. असे लिही म्हणून कोणी आग्रह केलेला नाही; आग्रह करील असे घरात कोणी नाही. पत्नी गीताबाई अकरा वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही.

कलम १. स्टेशनामागचे माझे दोन खोल्यांचे विटांचे घर माझ्या पश्चात मरहूम अब्दुल गनी यांची पत्नी अमीनाबी, राहणार जलंब, यांस कायम मालकीने मिळावे. माझा पुतण्या इंद्रभान हरकत घेईल, म्हणून कारण लिहितो.

सन १९२१ साली चार मैलांची लाईन व दहा माणसे माझ्या हाती आली, तेव्हा आमची गँग सर्वांत वाईट समजली जाई. रूळ खचला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी. जेवायला दहा जण दहा दिशांना बसत. मी रोज सकाळी काम सुरू करण्याआधी आदल्या दिवशीची माझी स्वतःची चूक सर्वांसमोर सांगू लागलो. आधी हसले. महिनाभराने गनी म्हणाला, "मुकादम, काल माह्याकडून एक खिळा ढिला राह्यला." त्याला मी रागावलो नाही, सगळे मिळून तो खिळा ठोकायला गेलो. तिथून गँग बदलली. भाकर ज्याची त्याची, पण बसणे एका गोलात, असे होऊ लागले. पुढे लागोपाठ तीन वर्षे उत्कृष्ट लाईनीची ढाल आमच्याकडे आली.

चौथ्या वर्षी तपासणीच्या आदल्या संध्याकाळी गनी, जो आमचा चावीवाला म्हणजे रोज लाईन चालून खिळे-जोड तपासणारा होता, म्हणाला, "मोरीजवळचा रुळाचा जोड वाजते. जोडाची पट्टी बदलू." मी म्हणालो, उद्या साहेब येऊन गेल्यावर. ढालीपुढे मला दुसरे काही दिसत नव्हते. सकाळी तो धावत आला.

"पट्टी तडकली, मुकादम! पॅसेंजर येऊन राह्यली."

"आज बावटा दाखवला तं ढाल गेली बे."

"आन् गाडी गेली तं?"

एवढे बोलून तो लाल बावटा घेऊन पळाला. गाडी थांबली. माणसे वाचली. साहेबांनी मला विचारले तेव्हा मी सर्वांदेखत सांगितले, "जोड गनीच्या नजरेखालचा. मला त्याने कळवले नाही." गनीने माझ्याकडे पाहिले आणि हातातला बावटा गुंडाळून ठेवला. त्याची चावी काढून त्याला जलंबला पाठवले.

त्यानंतर मी रोज विचारी, "काही दिसलं का?" नऊही जण म्हणत, "काही नाही, मुकादम." दुपारी मी झाडाखाली बसलो की ते उठून सावली बदलत. निवृत्त होईपर्यंत चार वर्षे मी एकटा जेवलो, आणि त्यांची न सांगितलेली ढिली जोडणी एकट्याने शोधत फिरलो.

जलंबला जायला मला सहा वर्षे लागली. तोवर गनी तापाने गेला होता. अमीनाबी दाराआडून म्हणाल्या, "त्यायनं घरात तुमची बुराई कधी केली नाई, भाऊ. तुमचं नावच घेतलं नाई." पाणी दिले. मी परत आलो.

कलम २. माझा लांब दांड्याचा हातोडा व पाणसळ पंजाबरावास द्यावी. त्या सकाळी तो गँगमध्ये होता, आज तिथेच मुकादम आहे. सगळे ठीक आहे असे माणसे रोजच सांगू लागली, तर त्याने स्वतः लाईन चालून पाहावी आणि आधी स्वतःकडे पाहावे. या पत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

कलम ३. ढालीबरोबर मिळालेल्या तिन्ही चांदीच्या बिल्ल्यांवर माझे एकट्याचे नाव आहे. सोनाराकडून ते घासून काढावे आणि बिल्ले गँगच्या चाळीत ठेवावेत.

कलम ४. पोस्टातल्या शिल्लकीतून चाळीसमोर सर्वांना एकत्र बसून जेवण्याजोगे टिनाचे छप्पर घालावे.

कलम ५. इंद्रभानास तांब्याचे घंगाळ व काकूने त्याच्यासाठी जपलेली चांदीची कडी. काकूच्या तेराव्याला भाजीत मीठ कमी आहे म्हणून तो पानावरून उठला होता. तो राग मी येथे सोडतो.

कलम ६. हे पत्र पंजाबरावाने गँगला जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवावे. गनीने आदल्या संध्याकाळी सांगितले होते, खोटे मी बोललो, हे जुन्यांना ठाऊकच आहे, तरी वाचावे. मग माझ्याविषयी ज्याला जे बोलायचे ते त्याने बोलावे. मी उत्तर द्यायला नसेन. भिऊ नये.

गँगमधल्या कोणाला साक्षीला बोलावण्याची हिंमत झाली नाही. खालील दोघे मला पाहून ओळखतात, आणि मी त्यांच्यासमोर व त्यांनी माझ्यासमोर सही केली आहे.

सही: शालिग्राम नारायण इंगळे

साक्षीदार:
१. वामनराव देशपांडे, पोस्टातील कारकून
२. मेहबूब शेख, शिंपी, समोरचे दुकान

मुक्काम नांदुरा, ता. १९ जानेवारी १९३८