सकाळच्या गाडीचं भारमान

आप्पा, गाडी वाचली. तुम्ही ज्या एसटीवर कंडक्टर होता आणि तुमच्या माघारी अनुकंपावर जिच्यावर मी लागले, ती माकणीच्या पुढच्या गावाची सकाळची गाडी बंद होणार होती. झाली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही निवांत ऐकाल.

आपलं भांडण आठवतं का? मी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेलं. तुम्ही त्या गावचा मुक्काम करून घरी आलाय, चुलीपुढं पिठलं-भाकरी खाताय, आणि मी शहाणपणा पाजळतेय. सरकारनं आधी उत्पन्न वाढवावं, पैसा आला की शाळा, दवाखाने, गाड्या मागनं येतातच. रिकामी गाडी पळवणं म्हणजे नुसतं डिझेल जाळणं. तुम्ही घास गिळून म्हणालात, "आन् उत्पन्न वाढवणारी माणसं कुठनं आणतीस? ती बी ह्याच गाडीत बसून शाळंला जात्यात की गं." मी म्हणाले, "मग तुमचा पगार वेळेवर का होत नाही?" तुम्ही ताट सरकवून उठलात. "लई बोलाया शिकलीस," एवढंच आई म्हणाली.

पगाराचं ते बोलणं मी अजून सोडलेलं नाही बरं का. नळदुर्गाचा हायवे रुंद झाला, ट्रकांची रांग तुटत नाही, पोरांना कामं लागली, मला आनंदच आहे. कमाईबिगर कुणाचं भागलंय? पण हायवेवर पैसा पळतोय म्हणून आडगावची गाडी तोडायची, हे कुठलं गणित?

डेपोतले साहेब म्हणाले, भारमान कमी आहे. म्हणजे गाडीत माणसंच नाहीत. चढतात त्या कॉलेजच्या पोरी. त्यांचा पास फुकट, रोख काही पडत नाही. साहेब स्वतः येऊन बघणार होते. एका पोरीच्या बापानं मला तोंडावर सांगितलं, "ताई, गाडी बंद तर शिक्षण बंद. रोज कोण सोडणार? त्यापरीस लगीन लावून मोकळा होतो." पोरगी शेजारीच उभी, खाली मान घालून. माझी झोपच उडाली.

साहेब आले त्या सकाळी गाव नुसतं लोटलं. ज्यांना कुठंच जायचं नव्हतं ते म्हातारे धुवट टोपी घालून लग्नाला निघाल्यासारखे हजर. बाया आल्या, शेळ्या राखणारी मावशी शेळ्या बांधून आली. तिकिटं काढून काढून माझा हात दुखला. साहेब पुढच्या शिटावर चेंगरलेले, पण खूश. "भारमान तर झकास आहे की!" मी दोरीला हात घातला, खाली बघते तर पोरी तिथंच उभ्या. दाराला लटकायलाही जागा नव्हती.

मावशीनं खिडकीतनं बघितलं. "आगं बया! ज्यांच्यापायी चढलो त्याच ऱ्हायल्या की! उतरा रं मुडद्यांनो!"

"तिकीट काढलंय म्या," एक म्हातारा कुरकुरला.

"मग चाटत बस त्ये!"

सगळी गाडी हसत, शिव्या देत खाली उतरली. पोरी चढल्या आणि आम्ही निम्म्याहून रिकामी गाडी घेऊन निघालो. माकणी मागं पडली. मग साहेबांनी विचारलं, "ह्या पोरी रोज असतात?"

"रोज."

"आणि ती गर्दी?"

"ती आजच आली, साहेब."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुढच्या आठवड्यात कळलं, गाडी चालू राहणार. पोरींमुळं का गर्दीमुळं, मी विचारलं नाही. लई हायसं वाटलं, आप्पा. ती पोरगी आता ड्रायव्हरच्या मागं बसते आणि कॉलेज येईपर्यंत खुशाल घोरते.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. गाव आपल्या बुद्धीनं चढलं नव्हतं. पारावर जाऊन भारमान वाढवायची शक्कल मीच शिकवली होती. साहेब यायचे म्हणून मी माणसं भरत सुटले आणि पोरींची जागाच विसरले. तुम्ही दारात हात आडवा धरून आधी पोरी चढवायचात.