नेटवर्क चालू आहे, सबब सर्व उत्तीर्ण

न्हावरे, ता. शिरूर
२१ जून २०००

आदरणीय सिद्दीक मामू,

शाकीरचा सलाम. मुमानींनाही सांगा, आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी मी पहिल्याच ओळीत केली आहे हेही सांगा. (मागच्या पत्रात ती चौथ्या ओळीत केली, तर त्यांनी दोन महिने माझं नाव काढलं नाही असं ऐकतो.) इकडं सगळे खुशाल. अम्मीचं बीपी बरं आहे, पोरं शाळेत जातात, आयेशा माझ्यावर नेहमीइतकीच नाराज आहे. तुमच्या इशरतला बारावीला एक्क्याण्णव टक्के पडले हे मला दौंड-शिरूर एसटीच्या कंडक्टरकडून कळलं. सख्ख्या मामानं एक पोस्टकार्ड टाकायला काही हरकत नव्हती, पण असो. पोरगी पुण्याला इंजिनिअरिंगला जाणार म्हणे. जरूर जावं. लय हुशार पोरगी, आपल्या घराण्यात अशी झाली नाही.

आता माझी बातमी. मीही पास झालो. हसू नका. वय अडतीस, नोकरी चौदा वर्षं, आणि परवा हातात पडला तो विद्यापीठाच्या 'संगणक नेटवर्किंगची तोंडओळख' या एक वर्षाच्या कोर्सचा निकाल, प्रथम श्रेणी. हे दुखणं मागं कसं लागलं ते सांगतो. मी अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवतो हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही दर ईदला विचारता की त्यात शिकवायचं काय असतं, तेही माझ्या लक्षात आहे.) मागच्या जूनमध्ये या विषयाला नावं आली दोन. एकानं एसटीचा पास निघावा म्हणून नाव घातलेलं, आणि दुसरी लग्न ठरेपर्यंत येणार होती. (ठरलं. मुलाचा ट्रॅक्टर आहे.) आमच्या संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब यांनी मला बोलावून घेतलं आणि दात कोरत म्हणाले, "मास्तर, तुमचा इषय आता चालत न्हाई. कांपुटर शिका, न्हाईतर अतिरिक्त व्हा." मामू, अतिरिक्त म्हणजे पगार बंद, आणि दुसरीकडं सामावून घेईपर्यंत घरी बसून भिंती मोजायच्या. पाच तोंडं खाणारी. आता तर्कानं बघा. कॉम्प्युटर शिकवायचा तर सर्टिफिकेट पाहिजे, सर्टिफिकेट पाहिजे तर कोर्स केला पाहिजे, आणि कोर्स आमच्याच कॉलेजात नव्यानं निघालेला. म्हणून ज्या वर्गात मी चौदा वर्षं हजेरी घेतली, त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसून "हजर मॅडम" म्हणायला लागलो.

आणि मॅडम कोण, तर वरवंडची भाग्यश्री. तेवीस वर्षांची, आणि अकरावीला माझीच विद्यार्थिनी. वर्गात आली की मी उभा राहायचो कारण ती शिक्षिका, आणि मी उभा राहिलो की ती बसायची नाही कारण मी तिचा सर. पहिले पंधरा दिवस आम्ही दोघं तास संपेपर्यंत उभेच होतो आणि बाकीची दहा पोरं आमच्याकडं बघत शेंगा खात होती. शेवटी प्राचार्यांनी लेखी आदेश काढला की मी बसावं. पण मुलगी शिकवायची झकास, खोटं कशाला बोलू. एकच अडचण होती, कोर्स नेटवर्किंगचा आणि कॉलेजात नेटवर्क नव्हतं. आठ संगणक होते, प्रत्येकाला आयेशाच्या शिलाई मशीनपेक्षा चांगलं कव्हर होतं, खोलीला पडदे होते, चपला बाहेर काढायचा नियम होता. फक्त एका संगणकाची दुसऱ्याशी ओळख नव्हती. सहा महिने आम्ही फळ्यावरच्या खडूच्या रेघांतून निरोप पाठवले, आणि मी सांगतो, खडूचं नेटवर्क एकदाही बंद पडलं नाही.

मॅडमनी शिकवलं की एका मशीनमधला निरोप दुसऱ्यात जाताना सात थरांतून खाली उतरतो, प्रत्येक थर त्याच्यावर आपलं एक पाकीट चढवतो, आत काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही, आणि पलीकडं तो पुन्हा सात थर वर चढतो. पोरं चक्रावली. मला चटकन कळलं, कारण माझा रजेचा अर्ज असाच जातो. क्लार्क, हेडक्लार्क, पर्यवेक्षक, उपप्राचार्य, जो तो शेरा मारतो आणि वाचत कुणीच नाही. फरक इतकाच की संगणकाचा निरोप पोहोचतो. (बहिणीच्या लग्नाची माझी रजा मंजूर झाली तेव्हा भाची रांगत होती.) घरी आलो की मी आयेशाला हे सगळं म्हणून दाखवायचो, पाठांतर म्हणून. ती भाकऱ्या थापता थापता ऐकायची. एकदा सांगितलं की दोन संगणक बोलायच्या आधी एक विचारतो, आहेस का, दुसरा म्हणतो, आहे, तू आहेस का, मग पहिला म्हणतो, आहे, आणि मगच कामाचं बोलणं निघतं. ती म्हणाली, त्यात काय, अम्मी एसटीडी बूथवरून फोन करतात तेव्हा असंच करतात आणि कामाचं निघेपर्यंत तीन मिनिटं होतात. मी म्हटलं, तू बारावीपर्यंत शिकलीस, गप बस. ती गप बसली, पण भाकरी मात्र करपली.

जानेवारीत बापूसाहेबांना कळलं की एप्रिलच्या प्रात्यक्षिकाला पुण्याहून बाहेरचे परीक्षक येणार आणि लॅबमधून प्राचार्यांच्या ऑफिसात निरोप पाठवून दाखवावा लागणार. मॅडमनी कुठली केबल लागते ते नंबरासकट लिहून दिलं. बापूसाहेबांनी तो कागद गावात घरोघर टीव्हीचं कनेक्शन देणाऱ्या दगडोबाला दिला आणि दगडोबानं त्यात तंबाखू बांधली. मग त्यानं टीव्हीचीच केबल लॅबपासून कॅन्टीनच्या पत्र्यावरून ऑफिसपर्यंत ओढली. मॅडम म्हणाल्या, ही चालणार नाही, दिसायला दोन्ही काळ्या, पण आतून वेगळ्या. दगडोबाला भयंकर राग आला. म्हणाला, "आख्ख्या गावाचं दोनशे टीव्ही चालत्यात ह्याच्यावर, आन् तुमचं आठ डबं चालंनात व्हय?" बापूसाहेबांना हे गणित पटलं, आणि मॅडमना बाई असून फार बोलतात असं तोंडी कळवण्यात आलं. नेटवर्क अर्थातच चाललं नाही. केबल वाया गेली नाही, कॅन्टीनवाल्या सिंधूबाई आपली फडकी तिच्यावर वाळत घालायला लागल्या.

परीक्षा तोंडावर आली. अकरा जण नापास होणार, त्यात मी, म्हणजे नोकरी गेली. तेव्हा एक योजना निघाली. कुणाची ते विचारू नका. (माझी.) परीक्षक लॅबमध्ये एक वाक्य सांगतील, पोरगं ते टाइप करील, मग परीक्षक मैदान ओलांडून ऑफिसात बघायला जातील. वाटेत सिंधूबाई त्यांना चहा आणि कांदाभजीसाठी अडवतील. तेवढ्यात मल्हारी शिपाई ते वाक्य चिठ्ठीवर घेऊन मागच्या गल्लीतून पळत येईल आणि ऑफिसात मी ते टाइप करून ठेवीन. माझा स्वतःचा नंबर शेवटचा लावला होता. मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी फळ्यावरचं खडूचं नेटवर्क पुसून टाकलं. मामू, तुम्ही दौंडच्या रेल्वे केबिनमध्ये एकतीस वर्षं गाड्यांना लाइन क्लिअर दिलात, एकदाही खोटा नाही. म्हणून हे तुम्हालाच सांगतोय. दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते.

पाच निरोप बिनबोभाट पोहोचले. परीक्षक खूश, मल्हारी घामाघूम. पण पाच वेळा भजी खाल्ल्यावर कुठलाही माणूस बसून घेतोच. सहाव्या वेळी परीक्षक ऑफिसातच बसले, थेट माझ्या मशीनसमोर, आणि म्हणाले, आता तिकडून काहीही पाठवू दे, मी इथंच बघतो. पडदा काळाच्या काळा. पाच मिनिटं झाली. प्राचार्य भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागले. तेवढ्यात खिडकीत मल्हारीचं डोकं उगवलं. आमचा मल्हारी हुकमाचा पक्का. त्यानं खिडकीतून हात घातला, चिठ्ठी थेट परीक्षकांच्या हातात दिली आणि म्हणाला, "सायेब, लॅबमधून निरोप आलाय. पोच द्या, म्हंजी म्या जातो."

परीक्षकांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, हे काय आहे? चौदा वर्षांचं तर्कशास्त्र त्या क्षणी कामाला आलं. मी म्हणालो, सर, निरोप पाठवणाऱ्यानं बांधला, वर पत्ता घातला, सरळ वाटेवर अडथळा होता (खुद्द परीक्षक) म्हणून तो दुसऱ्या वाटेनं आला, एक अक्षर न गळता पोहोचला, आणि पोचही मागितली जातेय. पुस्तकात लिहिलंय की खालच्या थरात तार कसली आहे याच्याशी वरच्या थरांना कर्तव्य नाही. इथं तार मल्हारी आहे. त्यांनी चिठ्ठी दोनदा उलटून बघितली. मग म्हणाले, काल ज्या कॉलेजात गेलो होतो तिथं पळायलाही कुणी नव्हतं, नुसता चहा होता. त्यांनी घड्याळ बघितलं, पुण्याची एसटी साडेचारची होती. पोच म्हणून चिठ्ठीवर सही केली आणि रजिस्टरात शेरा मारला: 'नेटवर्क चालू आहे, सबब सर्व उत्तीर्ण.' बापूसाहेबांनी त्या शेऱ्याची फ्रेम करून ऑफिसात लावली. गेटवरही नवी पाटी आली आहे, 'तालुक्यातील अत्याधुनिक नेटवर्किंग केंद्र'. पाटी दगडोबानं रंगवली.

भाग्यश्री मॅडमनी मे महिन्यात राजीनामा दिला. पुण्याला कंपनीत लागल्या. जाताना मला भेटायला आल्या, पाया पडल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्हीच शिकवलं होतंत, एकदा खोटं विधान धरून चाललं की पुढं काहीही सिद्ध करता येतं." मला चिडता आलं नाही. वाक्य बरोबर होतं, आणि शिकवलंही मीच होतं. त्यांची जागा आता मला मिळाली आहे. पंधरा जुलैपासून हा कोर्स मी शिकवणार. नोकरी टिकली, एवढंच सांगायला पत्र लिहिलं, दुसरं काही नाही. सर्वांना सलाम.

तुमचा भाचा,
शाकीर

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. विद्यापीठाचा नियम असा की तीस जूनपर्यंत वीस प्रवेश झाले नाहीत तर कोर्स बंद, आणि कोर्स बंद तर मी अतिरिक्त. एकोणीस झालेत. तर माझ्या मनात आलं, आपली इशरत कशाला लांब पुण्याला पाठवता? हॉस्टेलचं जेवण, परकं शहर, मुमानींचे गुडघे. इथं घरचा मास्तर आहे आणि कोर्स उत्तम आहे. वर जे लिहिलंय ते थोडं गमतीनं घ्यावं.

ता. क. २. शाळा सोडल्याचा दाखला मूळ पाठवावा, झेरॉक्स चालत नाही. मूळ दाखला इथं जमा झाला की पुण्याला तिचा प्रवेश होणार नाही हे मला ठाऊक आहे. पण मामू, एकच वर्ष. पाया पडतो.

ता. क. ३. मामू, सलाम. हे अक्षर आयेशाचं. पाकिटाला डिंक लावायला माझ्याकडं दिलं, म्हणून वाचलं. दाखला पाठवू नका. इशरतला सोमवारीच पुण्याला घेऊन जा आणि प्रवेश घेऊनच या. हे माणूस म्हणून वाईट नाहीत, घाबरलेत. विसाव्या नावाची काळजी नको. माझा बारावीचा मूळ दाखला नऊ वर्षं ट्रंकेत पडून आहे, तो आणि फॉर्म मी उद्या हेडक्लार्ककडं देतेय. पहिल्याच तासाला मी खरी केबल मागणार आहे. यांना काही कळवू नका. हजेरी घेताना कळेल.